तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

त्याला सगळे ठिणगीमिस्त्री म्हणत. खरं नाव बायकोला आणि सरकारी कागदांना ठाऊक होतं, बाकी कुणाला त्याची कधी गरज पडली नाही. हे नाव पडलं तेव्हा तो पंचविशीत होता. एका टॅक्सीवाल्याची गाडी तीन गॅरेजं फिरून आली होती. कार्बोरेटर उघडून झाला होता, पंप बदलून झाला होता, तरी चढ लागला की गाडी मान टाकायची. याने काही न बोलता चारही प्लग काढले, एकेक उजेडात धरून पाहिला आणि एकाच्या पांढऱ्या चिनी मातीवरची केसाएवढी चीर दाखवत म्हणाला, "ठिणगी इथून पळतेय." प्लग बदलला, टॅक्सी चढ चढून गेली, आणि टॅक्सीवाल्याने स्टँडवर जाऊन सांगितलं की तिकडे एक ठिणगीवाला बसतो.

गॅरेज म्हणजे एक लांबट शेड. एका बाजूला लाकडाची वखार, दुसऱ्या बाजूला कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्याचं दुकान. तो आणि धाकटा भाऊ, दोघंच. इंजिन खोलणं, गिअरबॉक्स, ब्रेक, ठोकाठोकीची सगळी कामं धाकट्याची. दाराजवळचं टेबल मिस्त्रीचं. सकाळचं ऊन बरोबर त्या टेबलावर यायचं आणि त्याला तसाच उजेड लागायचा. टेबलावर एक लाकडी फळी, तिला चार भोकं, भोकांखाली एक ते चार आकडे. काढलेला प्लग ज्या सिलिंडरचा, त्याच भोकात उभा राहायचा. अदलाबदल झालेली त्याला खपायची नाही. "आजारी कोण आणि औषध कुणाला, असं व्हायला नको," तो म्हणायचा.

गाडी आली की आधी ती थंड होऊ द्यायची. गिऱ्हाईक कितीही पाय आपटत असलं तरी गरम इंजिनाचा प्लग तो काढत नसे. मग प्लगच्या खड्ड्यात हवा मारून धूळ उडवायची, म्हणजे प्लग निघताना ती आत पडत नाही. मग एकेक प्लग बाहेर आणि त्याचं निरीक्षण. टोक वाळक्या पानासारखं फिकट तपकिरी असलं तर इंजिन सुखात आहे. कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, फिल्टर बघा. काळं पण ओलं, तेलकट असलं तर रिंगा झिजल्या, इंजिन ऑइल पितंय. आणि पांढरंफटक, वर बारीक फोड आल्यासारखं असलं तर गाडी फार पळवल्याने तापते आणि मालकाने तापमानाच्या काट्याकडे बघितलेलं नाही. एकदा एक सद्गृहस्थ शपथेवर सांगत होते की गाडी ते एकटेच चालवतात आणि तीही हळू. मिस्त्रीने पांढरा पडलेला प्लग त्यांच्यापुढे धरला आणि शांतपणे म्हणाला, "मग तुम्ही झोपलात की ती एकटीच पळायला जात असेल." सद्गृहस्थांनी घरी जाऊन मुलाची चांगलीच कानउघाडणी केली म्हणतात.

हे बघणं कुणीही शिकेल. त्याचं खरं कसब प्लग परत लावण्यात होतं. प्लग खोल विहिरीत बसतो. नळीसारखा लांब पाना त्याच्यावर बसवायचा, पण त्याला मूठ लावायची नाही. नुसत्या बोटांच्या टोकांनी फिरवायचा, आणि तोही आधी उलटा. फिरवता फिरवता प्लगच्या आट्यांचं तोंड हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, आट्यांच्या तोंडावरून घसरतं आणि किंचित खाली उतरतं. त्या उतरण्याचा जो बारीकसा टक् होतो तो कानाला ऐकू येत नाही, फक्त बोटांना लागतो. तो लागला की मग सुलटं फिरवायचं, हातानेच, पार शेवटपर्यंत. पान्याची मूठ फक्त शेवटच्या पाव फेऱ्याला. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. प्लग पोलादी. प्लग तिरका शिरला तर प्लगला काही होत नाही, हेडचे आटे कापले जातात.

तीस वर्षांत त्याचा एकही प्लग तिरका गेला नव्हता.

मुंग्या यायला लागल्या त्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना. तो हात झटकायचा, मुंग्या जायच्या. पुढे झटकूनही जाईनात. मग एक दिवस मुंग्या थांबल्या, तेव्हा त्याला बरंच वाटलं. मुंग्यांबरोबर आणखी काय गेलं ते कळायला काही महिने लागले.

घरी बायको कपडे उसवून दुरुस्त करून द्यायची, तिची नजर शिवणीवर बसलेली. तिच्या लक्षात आलं की शर्ट धुवायला पडतात तेव्हा त्यांची बटणं लावलेलीच असतात.

"अहो, हा शर्ट आहे की पोतं? डोक्यातून काय काढता?"

"वेळ वाचतो," तो म्हणाला.

"वाचवून काय करता त्या वेळाचं?"

त्याने हसण्यावारी नेलं. तिने पुन्हा विचारलं नाही, पण त्याचे दोन शर्ट काढून वरच्या दोन बटणांची काजं थोडी मोठी करून ठेवली. त्याला ती बटणं सोपी जायला लागली आणि त्याला वाटलं, हात सुधारतोय.

गॅरेजमध्ये धाकट्याच्याही ध्यानात येत होतं. प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर मोजायला पातळ पोलादी पात्यांची जुडी असते. कागदाएवढं पातं त्या फटीत घालून बघायचं. मिस्त्री एक पातं समजून दोन उचलू लागला.

"दादा, हा गॅप बघ. असा ठेवशील तू?"

मिस्त्रीने पाहिलं. फट नको तेवढी मोठी होती. "चष्मा बदलायला झालाय," तो म्हणाला.

चष्मा बदलला. नवा चष्मा लावल्यावर चुका डोळ्यांच्या नावावर जाऊ लागल्या आणि त्याने त्या जाऊ दिल्या. डोळे म्हातारे होतात, त्यात लाज कसली? पण बोटं म्हणजे तो स्वतःच होता. एकदा गरम सायलेन्सरला बोट टेकलं आणि त्याला आधी वास आला, मग समजलं. घरी बायकोने फोड पाहिला. "हे केव्हा झालं?" "काय?" तो म्हणाला, आणि खरोखरच त्याला क्षणभर कळलं नाही ती कशाबद्दल विचारतेय.

"डॉक्टरला दाखवा," ती म्हणाली. तो हो म्हणाला. धाकटाही म्हणाला. त्यालाही हो. हो म्हणायला त्याचं काय जात होतं? डॉक्टर दोन मिनिटांत त्या गोष्टीला नाव देईल आणि नाव मिळालं की ती खरी होईल, एवढंच त्याला कळत होतं. अशी चार वर्षं गेली.

त्यांच्याकडे एक सिस्टर गाडी आणायच्या. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची, नळ्या बदलायच्या, हे त्यांचं काम. छोटी पांढरी गाडी, मागच्या सीटवर कायम दोन पेट्या. अकरा वर्षं त्यांची गाडी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गेली नव्हती. "मिस्त्री, माझी माणसं झोपून असतात," त्या म्हणायच्या, "त्यामुळे मला थांबून चालत नाही."

त्या मंगळवारी सकाळी नऊला त्या आल्या. गाडी अधूनमधून मिस मारत होती, ठोका चुकल्यासारखी. धाकटा बाहेरगावी बंद पडलेली एक गाडी ओढून आणायला गेला होता. एरवी हल्ली प्लग लावायची वेळ आली की धाकटा काहीतरी निमित्त काढून पाना स्वतःकडे घ्यायचा. दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

"अकराला मला पोचायचंय," सिस्टर म्हणाल्या. "होईल ना?"

"बसा. गाडी थंड झाली की अर्ध्या तासाचं काम."

त्या बाकावर बसल्या. त्याने प्लग काढले, फळीत उभे केले. तिसऱ्याचं टोक झिजून गेलं होतं, दोष तिथेच. त्याने चारही नवे काढले, गॅप दोनदा तपासला. पहिला लावला, दुसरा लावला. दोन्ही वेळा टक् लागला असं त्याला वाटलं. लागलाच असेल, कारण ते नीट बसले. तिसऱ्याला त्याने पाना उलटा फिरवला. काही नाही. अजून फिरवला. लोकर गुंडाळलेल्या हाताने फिरवावं तसं वाटत होतं. शेवटी अंदाजाने सुलटा फिरवला. प्लग एक-दोन फेरे गेला आणि जड झाला. आट्यांत कार्बन अडकला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. आणि त्याने पान्याला मूठ लावली.

अर्ध्या फेऱ्यात त्याला कळलं. बोटांना नाही, खांद्याला कळलं. लोखंड मऊ धातूत घुसतं तेव्हा जो एक चिकट, ओढणारा विरोध लागतो तो खांद्यापर्यंत येतो.  त्याने प्लग परत बाहेर काढला. आट्यांना चकचकीत चांदीसारखा कीस गुंडाळलेला होता.

आता करायचं काय ते त्याला नीट ठाऊक होतं. सांगायचं. हेड उतरवायचं, लेथवाल्याकडे पाठवायचं, भोक मोठं करून आत नव्या आट्यांचा पोलादी बुश बसवायचा. तीन-चार दिवस गाडी उभी. त्याने मान वर केली. सिस्टर फोनवर बोलत होत्या. "हो, हो, अकराला येतेच. निघालेच समजा. त्यांना सांगा, आलेच."

त्याने तो कीस फडक्याने पुसला, हवा मारली, आणि प्लग त्याच कापलेल्या वाटेने पुन्हा आत घातला. कसाबसा धरला. चौथा लावला. गाडी सुरू केली. इंजिन अगदी एकसुरात चालायला लागलं आणि त्या आवाजानेच त्याला फसवलं, किंवा त्याला फसायचं होतं. सिस्टर खूश होऊन निघून गेल्या. तो बराच वेळ दारात उभा होता.

संध्याकाळी त्याने फोन केला. त्यांनी उचलला नाही. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच त्याला शरम वाटली.

बुधवारी दुपारी तो त्यांच्या घरी गेला. त्या फाटकातच भेटल्या, हातात पेटी, निघण्याच्या घाईत.

"मिस्त्री! तुम्ही इकडे कसे? गाडी लोण्यासारखी चाललीय बघा. तुमचा हात लागला की माझी महिनाभराची काळजी मिटते."

तो उभा राहिला. तोंडापर्यंत आलं होतं.

"काही काम होतं का?"

"नाही... आवाज वगैरे काही येतोय का, एवढंच विचारायला."

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. त्यांनी गाडी मागे घेतली, तो बाजूला झाला. रस्त्याच्या वळणापर्यंत तो ते इंजिन ऐकत राहिला.

घरी बायकोने विचारलं, "कुठे गेला होतात?" त्याने सांगितलं, सिस्टरांकडे. "कशाला?"  तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि त्याच्याकडे बघत बसली. तो उठून बाहेर गेला.

गुरुवारी सकाळी गॅरेज उघडल्या उघडल्या त्याने धाकट्याला सांगितलं. सगळं, किसासकट. 

"दादा, गाडी परत बोलाव. आत्ताच्या आत्ता."

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना त्या फोन उचलत नसत, ही त्यांची चांगली सवय. "गुरुवारी त्या कुठे जातात, ठाऊक आहे?" धाकट्याने विचारलं. कालव्याच्या रस्त्याला कुणीतरी पेशंट आहे, एवढं मिस्त्रीला त्यांच्या बोलण्यातून माहीत होतं. धाकट्याने मोटरसायकल काढली. मिस्त्री फोन हातात घेऊन दर पाच मिनिटांनी तेच बटण दाबत राहिला. कधी बटण दाबलं गेलं आणि कधी नाही, तेही त्याला पडद्याकडे पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. थोड्या वेळाने फोन वाजणंच बंद झालं.

धाकटा पोचला तेव्हा कालव्याकाठी गाडी एका बाजूला उभी होती, कुलूप लावलेली, बॉनेटला आतून पोचा आलेला. आत कुणी नव्हतं. तो प्लग इंजिनाच्या दाबाने बंदुकीच्या गोळीसारखा उडाला होता आणि त्याच्यावर बसणाऱ्या, ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलचे दोन तुकडे झाले होते. सिस्टरांना काही लागलं नव्हतं, हे नंतर कळलं. पण त्या रस्त्यावर फोन लागत नाही. त्या पेटी उचलून चालत सुटल्या, मोठ्या रस्त्याला आल्या, बसची वाट बघत थांबल्या, बस उतरून पुन्हा चालल्या. अकराला पोचायचं होतं तिथे त्या पावणेदोनला पोचल्या.

धाकट्याने गाडी ओढून आणली. चारच्या सुमाराला सिस्टर गॅरेजात आल्या. त्यांच्या चपला धुळीने भरल्या होत्या. त्या बसल्या नाहीत.

"काय झालं होतं गाडीला?"

धाकटा बोलायला गेला. मिस्त्रीने त्याला हाताने थांबवलं. "माझ्या हातून आटे गेले. मंगळवारी. प्लग तिरका गेला."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"बुधवारी तुम्ही माझ्या दारात आला होतात तेव्हा?"

"हो."

"मी तुम्हाला विचारलं, काही काम होतं का." त्या थांबल्या. आवाज चढला नव्हता, चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. "ज्या बाईंकडे मी जाते ना, त्यांचे आता थोडे दिवस राहिलेत. दुखणं थांबवायचं इंजेक्शन अकराला द्यायचं असतं. ते उतरलं की काय होतं ते मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. त्या ओरडत नाहीत, ओरडायचं बळच नाही त्यांना. मी गेले तेव्हा चादरीची कड दातांत धरून होत्या. त्यांचे यजमान पलंगाशी उभे होते, आणि त्यांना काही करता येत नव्हतं."

इस्त्रीच्या दुकानातून वाफेचा फस्स असा आवाज आला. 

"मंगळवारी सांगितलं असतंत, तर मी भाड्याची गाडी केली असती. शेजाऱ्यांची मागितली असती. मला फक्त माहीत असायला हवं होतं, मिस्त्री. का नाही सांगितलंत?"

 त्याने उजवा हात पुढे केला, तळवा वर करून. "बोटांना कळत नाही आता," तो म्हणाला.

सिस्टरांनी हात हातात घेतला. सवयच ती. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा त्यांनी दाबून पाहिला. तो उंचवटा राहिलाच नव्हता, तिथे खळगा पडला होता. त्यांनी पेटीतल्या सुईने बोटाच्या टोकाला टोचलं. तो तसाच उभा.

"कधीपासून?"

"चारेक वर्षं."

"चार वर्षं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात सोडला. "डॉक्टरकडे जा. हे मी नर्स म्हणून सांगतेय. बाकी मला तुमच्याशी काही बोलायचं नाही."

धाकट्याने हेड उतरवलं, लेथवाल्याकडून बुश बसवून आणला, कॉइल नवी लावली, बॉनेटचा पोचा काढला. पाचव्या दिवशी सिस्टर गाडी घेऊन गेल्या. धाकट्याशी बोलल्या. त्यानंतर ती गाडी त्या शेडमध्ये कधी आली नाही.

डॉक्टरकडे बायको सोबत आली आणि प्रश्न तिनेच विचारले. मनगटात शीर दाबली गेलीय, तीस-पस्तीस वर्षं मुठीने पाने फिरवणाऱ्यांना असं होतं, डॉक्टर म्हणाल्या. लहानसं ऑपरेशन आहे.

"मग हात पूर्वीसारखा होईल?" बायकोने विचारलं.

"आहे त्याहून बिघडणार नाही. सुरुवातीला आला असतात तर..." डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. "मरून गेलेली शीर जागी होईलच असं मी सांगणार नाही."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी त्याने बँडेजमधून बाहेर आलेली बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग उशीवर घासली. मग बायकोच्या लुगड्याच्या काठावर. तिने काठ त्याच्या हातात तसाच राहू दिला.

कालव्याकडच्या त्या आजारी बाई गेल्याचं धाकट्याने सांगितलं. कालव्याच्या रस्त्याला एका दुकानदाराशी त्याची ओळख झाली होती, त्याच्याकडून कळलं. आठवडा गेला. मग एका सकाळी बँडेज बांधलेला हात सदऱ्याच्या आत धरून तो बसने तिकडे गेला. का चाललोय, हे त्याने बायकोला नीट सांगितलं नाही. त्यालाही ते नीट सांगता आलं नसतं.

शेवटचं घर. अंगणात एक उंच, वाळकुडा म्हातारा झाडांना पाणी घालत होता. अंगावर गरमीतही स्वेटर.

"या," तो म्हणाला. "तुम्ही आमच्या हिच्या ऑफिसातले का?"

"नाही. मी मिस्त्री. सिस्टरांची गाडी त्या दिवशी बंद पडली ना, तो प्लग मी लावला होता. चुकीचा लावला होता. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही."

म्हाताऱ्याने झारी खाली ठेवली, ती कलंडली. पाणी संपेपर्यंत ती तिथेच गळत राहिली.

"गाडी बंद पडली हे मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "गाड्या बंद पडतात. मी मनाची समजूत घातली होती. त्या दिवसाचं मी कुणाला काही म्हटलं नाही, कारण कुणाला म्हणणार?" त्याने मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट, वेळ घेऊन. "आता तुम्ही सांगितलंत. आता त्या दिवसाला तुमचा चेहरा आला. हे मला कशाला दिलंत तुम्ही?"

मिस्त्रीला वाटलं होतं तो शिव्या देईल. किंवा, मनाच्या एका कोपऱ्यात, जाऊ द्या म्हणेल. हे तिसरं काही असू शकतं, याचा त्याने विचारच केला नव्हता.

"माफ करा," तो म्हणाला.

"कशाबद्दल? तेव्हाच्या की आत्ताच्या?"

 मग म्हाताऱ्याने बँडेजकडे मान वळवली. "हाताला काय झालं?"

"ऑपरेशन."

"दुखतो का?"

"नाही."

"बरं आहे," म्हातारा म्हणाला आणि झारी उचलून नळाकडे गेला. नळ सोडला. परत वळून त्याने पाहिलं नाही. मिस्त्री फाटक लावायला गेला तर कडी लागेना. डाव्या हाताने दोनदा प्रयत्न करून त्याने ती तशीच सोडली.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "मग आता?" तिने विचारलं.

"आता काही नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. सांगायचं राहिलेलं सगळं सांगून झालं होतं, आणि त्याने कुणाचंही काही हलकं झालं नव्हतं.

टाके निघाले. महिने गेले. करंगळीशेजारच्या बोटाला थोडी जाग आली, ते आधीही बरंच होतं. अंगठा आणि दोन बोटं होती तशीच राहिली. धाकट्याने त्याला गॅरेजला येत राहायला सांगितलं. "दादा, तू नुसतं बघ. तुझ्यासारखं मला वाचता येत नाही." धाकटा प्लग काढून फळीवर ठेवतो, मिस्त्री वाकून बघतो. "दोन नंबर तेल खातोय," तो म्हणतो. "चारचा हवेचा प्रश्न आहे." तो अजूनही चुकत नाही. पण आताच्या नव्या गाड्यांना मशीन लावलं की पडद्यावर दोषाचा आकडा येतो, आणि त्यांचे प्लग वर्षानुवर्षं उघडावेच लागत नाहीत. जुन्या गाड्या कमी होत चालल्यात. बरेच दिवस असे जातात की त्याला विचारायला कुणाकडे काही नसतं. तेव्हा तो पाने पुसून आकाराने लावून ठेवतो. डाव्या हाताने.

परवा धाकटा सुटे भाग आणायला गेला असताना एक तरुणी जुनी गाडी घेऊन आली. शिक्षिका असावी, मागच्या सीटवर वह्यांचा गठ्ठा होता. चार नवे प्लग ती दुकानातून घेऊनच आली होती.

"काका, एवढे बदलून देता? दुकानदार म्हणाला दहा मिनिटांचं काम आहे."

"आहे दहा मिनिटांचं," मिस्त्री म्हणाला. "भाऊ आला की करेल."

"तुम्ही नाही करत?"

"मी नाही करत."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं, काळ्या रेषा बसलेल्या त्या हातांकडे, आणि तिला काही उलगडलं नाही. "किती वेळ लागेल त्यांना?"

"येईलच. तोवर गाडीही थंड होईल," तो म्हणाला आणि बाकावरचं फडकं उचलून त्याने तिला बसायला जागा करून दिली. ती बसली, घड्याळ बघितलं, वही काढून तपासायला लागली. तो शेजारी बसून रस्त्याकडे बघत राहिला. धाकटा साडेअकराला आला.